घाटात तापणारी जुनी आल्टो: इंजिन खोलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याच्या एका वाचकाने 2011 ची 796 सीसीची पेट्रोल आल्टो दुसऱ्या मालकाकडून घेतली आहे. मीटरवर 78,000 किलोमीटर दिसतात. पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, सपाट रस्त्यावर आणि सिग्नलला मात्र तो जागेवर असतो. रेडिएटरमधले पाणी आठवड्याला सुमारे अर्धा लिटर कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. सकाळी गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू होते, पहिले मिनिटभर मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटल्याने झटके देते, आणि मग सुरळीत चालते. याशिवाय ताशी 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरते, खड्ड्यात पुढून खटखट ऐकू येते आणि घाटात क्लचचा वास येतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटरमध्ये साधे पाणी भरत राहायला सांगितले, नवी बॅटरी बसवली, आणि आता पिस्टन, रिंग व बेअरिंग बदलून इंजिन नव्याने बांधावे लागेल असे तो सांगतो आहे. ते करावे का?

माझे उत्तर असे की, अजून नाही. तुम्ही दिलेल्या लक्षणांत इंजिनच्या खालच्या भागाकडे, म्हणजे पिस्टन आणि बेअरिंगकडे, बोट दाखवणारे एकही लक्षण नाही. गाडी ऑइल पिते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकतो किंवा इंजिनमधून खालून ठकठक येते, यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. उलट घाटात तापणे, गळती न दिसता पाणी कमी होणे आणि सकाळचे मिनिटभराचे मिसिंग ही तीन लक्षणे मला एकाच आजाराची वाटतात. जुन्या गाडीत तक्रारी चार असल्या तरी दोष चारच असतात असे नाही, आणि प्रत्येक तक्रारीसाठी एकेक सुटा भाग बदलत गेल्याने मालकाचा खिसा रिकामा होतो व मूळ दोष तसाच राहतो. थर्मोस्टॅट गेला, बॅटरी नवी आली आणि तक्रार जागेवरच आहे, हे तुमच्या बाबतीत झालेलेच आहे.

मोठा खर्च करण्यापूर्वी एक कागद पाहून घ्यावा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यामुळे 2011 च्या गाडीची मुदत 2026 मध्ये संपते आणि पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. नोंदणीच्या पुस्तकावरची (आरसी) तारीख पाहून, गाडी पुढे ठेवायची आहे की नाही हे आधी ठरवावे. पत्रा खालून सडलेला नसेल, तर ही गाडी ठेवण्यासारखी आहे असे माझे मत आहे. तिचे तीन सिलिंडरचे इंजिन साधे आहे, भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि बहुतेक कामे साध्या पान्यांनी होतात. मीटरवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, चालकाची सीट एका कडेने बसली असेल आणि स्टिअरिंगची पकड चकचकीत झाली असेल, तर गाडीचे रनिंग 78,000 पेक्षा बरेच जास्त आहे असे धरून चालावे.

आता तापण्याकडे वळू. गाडी कुठे तापते यावरच निम्मे निदान होते. फक्त सिग्नलला किंवा गर्दीत उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच काटा खाली येत असेल, तर रेडिएटरच्या पंख्याचा दोष असतो, कारण चालत्या गाडीत वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीत तो पंख्यालाच द्यावा लागतो. अशा वेळी पंख्याची मोटर, रिले, फ्यूज आणि तापमान सांगणारा सेन्सर तपासावा लागतो. तुमची गाडी उभी असताना तापत नाही, म्हणून पंखा ठीक आहे असे समजायला हरकत नाही. ती चढावर, म्हणजे इंजिनवर भार आल्यावर, तापते. भाराखाली इंजिन जितकी उष्णता निर्माण करते तितकी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, किंवा सिलिंडरमधला जळता वायू थेट पाण्यात शिरतो आहे, असे दोनच मुख्य अर्थ यातून निघतात. पहिल्या अर्थात आतून चुन्याने भरलेला रेडिएटर, बाहेरून मातीने आणि किड्यांनी भरलेली जाळी, पाती झिजलेला वॉटर पंप आणि दाब न धरणारे झाकण येते. दुसरा अर्थ म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले, वायू आणि पाणी वेगळे ठेवणारे पातळ सील, फुटणे.

थर्मोस्टॅटबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण तो काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे. हा छोटा वॉल्व्ह गार इंजिनमधले पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि पाणी साधारण 82 ते 88 अंशांवर पोचले की उघडतो. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते हे खरे, पण तेव्हा ती सपाट रस्त्यावरही काही किलोमीटरांतच तापते. तुमचा थर्मोस्टॅट काढल्यावरही घाटातली तक्रार राहिली, यावरून तक्रारीचे मूळ तो नव्हता हे दिसते. तो नसल्यामुळे इंजिन सकाळी फार वेळ गार राहते, गाडीचा संगणक ते गार समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज घटते, प्लग काळे पडतात आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. म्हणून नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. तो बसवण्यापूर्वी स्वयंपाकाच्या पातेल्यात पाणी तापवून, दोऱ्याने लटकवून, उकळी येण्याच्या आधी तो पूर्ण उघडतो का हे घरीच पाहता येते.

साधे पाणी भरण्याचा सल्लाही बदलायला हवा. आपल्या भागातल्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि रोज थोडे थोडे पाणी घालत गेल्याने ते क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट, म्हणजे साध्या पाण्याऐवजी रेडिएटरमध्ये भरायचा द्रव, गंज रोखते, उकळण्याचा बिंदू वाढवते आणि वॉटर पंपाच्या सीलचे आयुष्य वाढवते. तयार मिसळलेले कूलंट घ्यावे, किंवा दाट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. झाकणाकडेही लक्ष द्यावे. त्याची स्प्रिंग सुमारे 0.9 बार दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा जवळपास 118 अंशांपर्यंत उकळत नाही; रबर कडक होऊन दाब सुटू लागला की तेच पाणी 100 अंशांच्या आसपास उकळून रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत आणि तिथून रस्त्यावर जाते. झाकण हा सगळ्या यंत्रणेतला सर्वात स्वस्त भाग आहे, तरी तो सर्वात शेवटी बदलला जातो. ते गरम इंजिनवर कधीही उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने तोंड आणि हात भाजतात.

रेडिएटर आतून बंद झाला आहे का, हे उतरवल्याशिवायही कळते. गाडी चांगली गरम करून बंद करावी, पंख्याचा कनेक्टर काढून ठेवावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पूर्ण पृष्ठभागाचे तापमान टप्प्याटप्प्याने घ्यावे. पाणी जिथून आत येते तिथे तापमान जास्त आणि जिथून बाहेर जाते तिथे कमी असे हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा शेजारच्या भागापेक्षा 20-25 अंश गार लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. अशा वेळी रसायन टाकून धुण्यापेक्षा नवा रेडिएटर घेणे मला योग्य वाटते, कारण आल्टोसाठी तो परवडणाऱ्या किमतीत मिळतो, आणि जुना रेडिएटर धुतल्यावर चुन्याच्या आधाराने टिकलेल्या नळ्या गळू लागतात.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या एका वाक्याने माझे लक्ष सर्वाधिक वेधले, त्याकडे येतो. सकाळी मिनिटभर मिसिंग आणि मग सुरळीत. रात्रभर उभ्या गाडीत हे असे होण्याचे एक कारण म्हणजे हेड गॅस्केटला पडलेली बारीक फट. इंजिन बंद केल्यावर कूलिंगच्या यंत्रणेत दाब शिल्लक असतो, आणि तो दाब रात्रीतून चमचा-दोन चमचे पाणी फटीतून एखाद्या सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी त्या सिलिंडरचा प्लग ओला असल्यामुळे ठिणगी पडत नाही, तीनपैकी दोनच सिलिंडर चालतात आणि गाडी अंग हलवते. मिनिटभरात पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते आणि तिसरा सिलिंडरही कामाला लागतो. दिवसभर घाटात भार आला की उलटा प्रवास होतो: जळता वायू त्याच फटीतून पाण्यात शिरतो, दाब वाढवतो आणि पाणी बाटलीतून बाहेर फेकतो. गळती न दिसता पाणी कमी होते ते याच दोन वाटांनी.

सायलेन्सरचा पांढरा धूर पाहून निर्णय करू नये. साताऱ्याच्या हिवाळ्यात सकाळी प्रत्येक पेट्रोल गाडी थोडी वाफ सोडते. कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो, पण तुमच्या गाडीत साधे पाणी भरलेले असल्यामुळे वासावरूनही काही कळणार नाही. म्हणून पुढील तपासण्या कराव्यात, आणि त्या याच क्रमाने कराव्यात.

पहिली तपासणी पूर्ण गार इंजिनवर करायची आहे. रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे, कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगावे आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहत राहावे. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात ते सोडून द्यावेत. इंजिन गार असतानाच एकसारखे बारीक बुडबुडे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर तो वायू सिलिंडरमधून येतो आहे. झाकण लावलेल्या स्थितीतही हाताने एक गोष्ट कळते. सकाळी गाडी सुरू केल्यापासून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून पाहावा. पाणी अजून कोमटही झालेले नसताना पाइप दगडासारखा कडक लागला, तर तो दाब उष्णतेचा नव्हे, ज्वलनाचा आहे.

दुसरी तपासणी गॅरेजमध्ये होते. झाकणाच्या जागी हातपंपासारखे दाबमापक बसवतात आणि गार यंत्रणेत झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात. पंधरा मिनिटांत काटा खाली आला तर कुठेतरी गळती आहे. होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे बारीक भोक, तिथे वाळलेल्या पाण्याचा पांढरा किंवा हिरवट थर, आणि गाडीच्या आत डाव्या बाजूच्या पायाखालची चटई हे सगळे पाहावे. चटई ओली असेल आणि काचेवर आतून चिकट धुके जमत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळते आहे आणि हेड गॅस्केटचा संशय बराच कमी होतो. बाहेर कुठेच ओल नसेल, तर दाब तसाच ठेवून गाडी रात्रभर उभी करावी. सकाळी तिन्ही प्लग काढावेत, पेट्रोलचा आणि ठिणगीचा पुरवठा तोडावा, तोंड लांब ठेवावे आणि सेल्फ मारावा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी उतरले आहे, त्याच्या प्लगच्या भोकातून ते फवाऱ्यासारखे उडते. हे दिसल्यानंतर वादाला जागा राहत नाही. काढलेले प्लगही शेजारी शेजारी ठेवून पाहावेत; दोन तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तो स्वच्छ प्लगच आजारी सिलिंडरचा आहे.

तिसरी तपासणी म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो याचे मोजमाप, आणि इंजिन बांधायचे की नाही याचा निकाल तीच देते. बॅटरी पूर्ण चार्ज असावी, तिन्ही प्लग काढलेले असावेत आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, नाहीतर आकडे खोटे कमी येतात. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण 12 ते 14 किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो, पण एकेका आकड्यापेक्षा तिघांतला फरक जास्त बोलका असतो. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा किलोभरापेक्षा जास्त कमी आला, तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइल रिंगांभोवती बसून तात्पुरते सील करते. म्हणून आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, आणि चढला नाही तर दोष वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले, तर बहुधा त्यांच्यामधली गॅस्केट फुटलेली असते. तिन्ही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे असतील, तर रिंगांसाठी इंजिन उघडण्याचे कारण उरत नाही, आणि हे तुम्ही मेकॅनिकला नम्रपणे पण ठामपणे सांगावे. बारीक फटीत कॉम्प्रेशन अनेकदा ठीकच येते, म्हणून चांगल्या आकड्यांवरून गॅस्केट निर्दोष ठरवू नये.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला म्हणजे हेड गॅस्केट गेली असे सरसकट म्हटले जाते. थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात आणि थर्मोस्टॅट नसताना, आतल्या दमटपणानेही असा थर साचतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र गाडी त्या क्षणापासून चालवू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग खाते, आणि मग इंजिन बांधण्याचा खर्च खरोखरच अटळ होतो.

तपासण्यांतून हेड गॅस्केट निश्चित झाली, तर काम पूर्ण करून घ्यावे. हेड ॲल्युमिनियमचे असते आणि तापून ते वाकते. म्हणून फक्त गॅस्केट बदलून हेड परत बसवू देऊ नये. ते लेथवाल्याकडे पाठवून सरळ पट्टी आणि फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तपासावे, वाकले असेल तर फेसिंग करावे, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करावा, आणि दाबाखाली तडा आहे का हेही पाहून घ्यावे. ब्लॉकचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासावा. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, कसले पाहिजेत. अंदाजाने कसलेली गॅस्केट काही महिन्यांत पुन्हा फुटते, आणि तेव्हा दोष गॅस्केटच्या दर्जावर टाकला जातो. हेड काढण्यासाठी टायमिंग बेल्ट (वॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारा पट्टा) उतरवावाच लागतो, त्यामुळे नवा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर त्याच वेळी बसवावा. या इंजिनाला चेन नसून बेल्ट आहे, त्याचे आयुष्य सुमारे एक लाख किलोमीटर धरतात, आणि रबर वयानेही थकते. तुमच्या गाडीचा बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नाही, म्हणून तो बदलायचा झालेलाच आहे असे मानावे. वॉटर पंपही याच वेळी बदलणे शहाणपणाचे आहे, कारण नंतर त्यासाठी पुन्हा बरेच खोलावे लागते. शेवटी ऑइल आणि फिल्टर बदलावा, नवे कूलंट भरून हवा काढावी, आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर पातळी पाहावी.

काम होईपर्यंत घाटात काटा चढू लागला, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवावा, काचा उघडाव्यात आणि खालच्या गिअरमध्ये शांतपणे पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जावे. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो बरीच उष्णता बाहेर काढतो. काटा लाल पट्टीत शिरला, तर गाडी बंदच करावी, आणि गरम इंजिनवर गार पाणी ओतू नये.

सकाळच्या सुरू होण्याच्या त्रासाला दुसरी कारणेही असू शकतात, आणि वरच्या तपासण्यांत पाणी सापडले नाही तर ती पाहावी लागतील. आधी हे ठरवावे की सेल्फ जड फिरतो, की जोरात फिरूनही इंजिन पेटत नाही. सेल्फ जड फिरत असेल, तर तो विजेचा प्रश्न आहे. रात्रभर उभ्या गाडीची निरोगी बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती 10 च्या खाली फारशी जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले पाहिजेत. नवी बॅटरी बसवूनही सेल्फ जड असेल, तर अर्थिंगकडे, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह खांब इंजिन आणि बॉडीशी जोडणाऱ्या पट्टीकडे, पाहावे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थिंगच्या पट्टीत अडथळा आहे. ही पट्टी जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे रंगाचा, गंजाचा किंवा हिरव्या बुरशीचा थर साचतो. बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावेत आणि वर ग्रीस लावावे. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि कितीतरी सेल्फ मोटर या एका पट्टीच्या दोषापायी उगाच बदलल्या जातात.

सेल्फ जोरात फिरूनही गाडी पेटत नसेल, तर पेट्रोलचा दाब तपासावा. चावी फक्त ऑनवर आणल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येतो. चावी बंद करून पुन्हा ऑन करावी, असे तीनदा करावे आणि मग सेल्फ मारावा. एरवी तिसऱ्या सेल्फला सुरू होणारी गाडी असे केल्यावर पहिल्याच सेल्फला सुरू झाली, तर रात्रीतून लाइनमधला दाब उतरतो आहे. दाब पंपाच्या एकदिशा वॉल्व्हमधून टाकीत परत जातो किंवा इंजेक्टरमधून थेंबथेंब सिलिंडरमध्ये पडतो. दुसऱ्या प्रकारात सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही विचार करावा. इथेनॉल ओलावा शोषते, टाकीतला जुना गाळ सोडवते आणि त्या काळाच्या काही रबरी पाइपांना व सीलना मानवत नाही. 2011 ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलचा फिल्टर बदलावा, लाइनचे रबर वाकवून त्यावर भेगा दिसतात का ते पाहावे, आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नये. मिसिंग कुठल्या सिलिंडरचे आहे हे शोधण्यासाठी संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब आहे. तिथेच राहिला तर वायर, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

ब्रेकबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी घाटात रोज ये-जा करणाऱ्या जुन्या गाडीत सर्वात आधी पैसे तिथे खर्च करावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि उतारावर सतत ब्रेक दाबल्याने तापून त्यात वाफ होते. तेव्हा पेडल अचानक मऊ पडते. ते कधी बदलले हे माहीत नसेल, तर बदलून चारही चाकांची हवा काढून घ्यावी. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर ओला आहे का हे पाहावे.

स्टिअरिंगची थरथर कधी येते, यावरून तिचे कारण ठरते. ठरावीक वेगाला येऊन पुढे कमी होत असेल, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग बिघडले आहे किंवा टायर वाकडा झाला आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर डिस्क वाकली आहे. ॲक्सिलरेटर दाबताना येऊन सोडल्यावर थांबत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट झिजला आहे, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून चालवताना कटकट ऐकू आली तर बाहेरचा. बॅलन्सिंगला पैसे देण्यापूर्वी टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. 2317 म्हणजे 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेले टायर घाटाच्या रस्त्यावर ठेवू नयेत.

खड्ड्यातल्या खटखटीसाठी पुढचे चाक जॅकवर उचलावे, आधाराला घोडी लावावी आणि चाक दोन्ही हातांनी हलवून पाहावे. वरून आणि खालून धरून हलवल्यावर खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग झिजले आहे, राहिला तर खालचा बॉल जॉइंट. डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल, तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगची रॅक संशयित आहे. चाकात काहीच खेळ नसेल, तर खालच्या आर्मचे बुश (रबरी आधार) आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग पाहावे. बुशचे रबर लोखंडापासून सुटले असेल, तर पहारीने हलकेच रेटल्यावर फट दिसते. यांतला कुठलाही भाग बदलल्यानंतरच अलाइनमेंट करावी. आधी केलेली अलाइनमेंट वाया जाते.

क्लचच्या वासात गाडीचा आणि चालवण्याचा असे दोन्ही भाग असतात. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली, तर नवी क्लच प्लेटही वास सोडते. तिथे हॅण्डब्रेकने गाडी धरून, इंजिनचा जोर आल्यावर तो सोडावा. गाडीचा भाग तपासण्यासाठी मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तरीही आधी केबल पाहावी, कारण या गाडीचा क्लच केबलवर चालतो, आणि केबल जास्त ताणलेली असेल तर पेडल सोडल्यावरही प्रेशर प्लेट पूर्ण बसत नाही. पेडलला सुरुवातीला बोटाने दाबता येईल एवढा मोकळा खेळ हवा. तो नसेल तर केबल सैल करून पुन्हा तीच चाचणी घ्यावी. तरीही घसरत असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच घालावा, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्यातच जातो. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचे मागचे ऑइल सील बदलावे, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा असतील तर त्याचे फेसिंग करून घ्यावे, आणि जुनी प्लेट स्वतः हातात घेऊन पाहावी. ती कोरडी व रिव्हेटपर्यंत झिजलेली असेल तर तिचे आयुष्य संपले होते. ती ऑइलने ओली असेल तर सील गळत होते, आणि सील न बदलता बसवलेली नवी प्लेटही तशीच भिजेल.